आधी मोजा, मग खोला : डिझेल पंपवाले रॉबर्ट बॉश

अंबिया बहाराची संत्री तोडून गाडी भरली, पहाटे कळमना मार्केटला निघायचे, आणि ऐनवेळी गाडी सुरूच होत नाही. काटोल-नरखेड भागात असा प्रसंग कोणावर ना कोणावर येतोच. मागल्या हंगामात आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्यावर तो आला. मिस्त्रीने इंजेक्टर गेला म्हणून सांगितले. उसनवारी करून हजारोंचा नवा इंजेक्टर आणला, बसवला, तरी गाडी जशीच्या तशी. शेवटी दोष सापडला तो उंदराने कुरतडलेल्या वायरीत. इंजेक्टरचे पैसे गेले आणि मालही दोन दिवस उशिरा पोचला.

ज्या माणसाने डिझेलच्या पंपाला आजचे रूप दिले, त्याच्या आयुष्याकडे पाहिले तर अशा नुकसानीतून वाचण्याची वाट सापडते. त्याचे नाव रॉबर्ट बॉश.

बॉश यांचा जन्म २३ सप्टेंबर १८६१ रोजी जर्मनीत उल्म शहराजवळच्या आल्बेक या गावी झाला. वडील शेतकरी. घरची खानावळही होती. बारा भावंडांत रॉबर्ट अकरावे. शाळेनंतर त्यांनी बारीक यंत्रकामाची उमेदवारी केली, पण उस्तादाने शिकवण्याकडे फारसे लक्ष दिले नाही. ही सल त्यांना पुढे आयुष्यभर राहिली. मग त्यांनी ठिकठिकाणी नोकऱ्या केल्या. १८८४ साली अमेरिकेत एडिसन यांच्या कारखान्यात आणि त्यानंतर इंग्लंडमध्ये सीमेन्सच्या कारखान्यात काम करून ते परतले.

१५ नोव्हेंबर १८८६ रोजी स्टुटगार्ट शहरात त्यांनी छोटेसे दुकान टाकले. सोबत एक कारागीर आणि एक पोऱ्या. विजेची आणि यंत्राची जी मिळतील ती कामे घ्यायची. सुरुवातीची वर्षे फार ओढाताणीची गेली. आईकडूनही मदत घ्यावी लागली, मधल्या मंदीत माणसे कमी करावी लागली. तरी काम ओबडधोबड करून द्यायचे नाही, हा हेका त्यांनी सोडला नाही.

दिवस पालटले ते मॅग्नेटोने. इंजिनात ठिणगी पाडणारे हे यंत्र त्यांनी १८८७ साली एका जागी बसवायच्या इंजिनासाठी केले आणि १८९७ साली मोटारगाडीला लावले. १९०२ साली त्यांचे सहकारी गॉटलोब होनोल्ड यांनी जास्त व्होल्टेजचा मॅग्नेटो व स्पार्क प्लग तयार केला, आणि बॉश हे नाव जगभर गेले.

डिझेल इंजिन बॉश यांचे नव्हे, ते रुडॉल्फ डिझेल यांचे. ते १८९७ साली यशस्वी चालले, पण त्यात इंधन दाबाच्या हवेने आत फुंकावे लागे. त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर हवा. एवढे धूड ट्रकवर चढायचे कसे? हवेशिवाय, नुसत्या पंपाच्या दाबाने डिझेल फवारायचे, तेही नेमक्या मापात आणि नेमक्या क्षणी, हे काम बॉश यांच्या कारखान्याने १९२२ साली हाती घेतले. पाच वर्षे खपून १९२७ साली पंपाचे नियमित उत्पादन सुरू झाले. ट्रक, पुढे ट्रॅक्टर, डिझेलवर धावू लागले ते अशाच पंपांच्या बळावर.

पैसा आला तरी बॉश यांची राहणी साधी राहिली. १९०६ साली त्यांनी कामगारांना आठ तासांचा दिवस दिला. १९१३ साली उमेदवारांसाठी स्वतंत्र शिक्षण विभाग काढला, म्हणजे आपल्यासारखी गत पोरांची होऊ नये. बव्हेरियात पाणथळ जमीन घेऊन मोठी शेतीही उभी केली. पैसा गेला तरी चालेल, गिऱ्हाइकाचा विश्वास जाऊ नये, असे ते मानत.

हिटलरच्या राजवटीत त्यांच्या कंपनीने युद्धसामग्री बनवली आणि सक्तीने आणलेल्या मजुरांकडून काम घेतले, हेही सांगितले पाहिजे. दुसरीकडे बॉश यांनी छळ होणाऱ्या ज्यूंना मदत केली आणि हिटलरविरोधकांना आधार दिला. १९४० साली त्यांचे रुग्णालय सुरू झाले, आणि १२ मार्च १९४२ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे १९६४ पासून कंपनीचे बहुतांश भाग एका धर्मादाय संस्थेकडे आहेत. आपल्याकडे १९५१ साली बंगळूरला मायको कंपनी निघाली. तिच्या नाशिकच्या कारखान्यात नोझल आणि इंजेक्टर बनू लागले. म्हणूनच मिस्त्रीच्या तोंडी मायको पंप हे नाव बसले.

बॉश यांनी आयुष्यात दोनच गोष्टी मुख्यतः केल्या : वीज आणि डिझेल. आजच्या गाडीच्या इंजेक्टरमध्ये या दोन्ही एकत्र आल्या आहेत. जुना इंजेक्टर साधारण २०० बार दाबाला आपोआप उघडे. कॉमन रेल गाडीत दाब दीड-दोन हजार बारपर्यंत जातो, आणि इंजेक्टर कधी उघडायचा ते कॉम्प्युटर वायरीतून सांगतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ ट्रक आणि २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नवे ट्रॅक्टर यांच्या कडक नियमांमुळे ही पद्धत शेतापर्यंत आली आहे. म्हणून बिघाड डिझेलचा की विजेचा, हे आधी ठरवा.

१. प्रथम बॅटरी मोजा. १२ व्होल्टची बॅटरी स्टार्टर मारताना साडेनऊच्या खाली येत असेल, तर कॉम्प्युटर नीट चालणार नाही. अर्थिंगची तार, फ्यूज आणि रिले पाहा.

२. डिझेल फिल्टरमधले पाणी काढा. ड्रममध्ये साठवलेल्या डिझेलात पाणी हमखास असते.

३. स्कॅनर लावून कोड वाचा. कोड इंजेक्टरचा आला म्हणजे इंजेक्टरच गेला असे नाही. त्या इंजेक्टरपर्यंतची वायर आणि प्लगही त्यात आले.

४. चावी बंद करून, बॅटरी काढून प्लग उघडा. पिना हिरव्या पडल्यात का, वायर घासली का, उंदराने खाल्ली का, ते पाहा. मग मीटरने वायर सलग आहे का ते तपासा.

५. हे सारे ठीक निघाले, तरच इंजेक्टर काढून पंपवाल्याकडे तपासणीला द्या.

जुन्या इंजिनात मिस्त्री चालू इंजिनावर पाइपाचा नट सैल करून कोणता सिलिंडर मेला ते ओळखत. कॉमन रेल गाडीत असे मुळीच करू नका. डिझेलची धार कातडी भेदून आत जाते, हात गमवायची पाळी येते. इंजिन चालू असता इंजेक्टरचा प्लगही ओढू नका, त्यात बॅटरीपेक्षा कितीतरी जास्त व्होल्ट असतात. गाडीला वेल्डिंग करायचे असेल, तर आधी बॅटरी आणि कॉम्प्युटरचा प्लग काढून ठेवा.

पाचही तपासण्यांना मिळून सकाळची दोन-तीन घटका जातील. पण मीटर न लावता पार्ट बदलला, की घरची रोकड जाते आणि तोडलेली संत्री वावरातच सुकतात. शेतकऱ्याच्या घरी जन्मलेल्या त्या कारागिराने अंदाजाने कधी काही केले नाही. आपणही मिस्त्रीला पहिला प्रश्न हाच करावा की, भाऊ, मोजले का?