विखुरलेलं ज्ञान एका जागी आणणारे रब्बी यहुदा

बनी इस्राईलचा उल्लेख कुरआनात जागोजाग येतो. हजरत मूसा (अलै.) यांना मिळालेली तौरात आपल्याला नावाने माहीत आहे. पण तौरातनंतर ज्यू समाजाचं रोजचं जगणं ज्या ग्रंथाच्या आधाराने चाललं, त्या 'मिश्ना'चं नाव आपल्या घरांत फारसं कुणी ऐकलेलं नसतं. हा ग्रंथ सिद्ध करणारे रब्बी यहुदा हनासी सुमारे अठराशे वर्षांपूर्वी पॅलेस्टाईनच्या गलील भागात होऊन गेले.

ज्यू परंपरा दोन प्रकारची तौरात मानते, एक लिखित आणि दुसरी तोंडी. शनिवारी काम करू नये, हा हुकूम लिखित तौरातमध्ये आहे. पण काम कशाला म्हणायचं, आजाऱ्यासाठी सूट कुठपर्यंत, हे सगळं तोंडी चालत आलं. ते लिहून ठेवायचं नाही, उस्तादाच्या तोंडून ऐकायचं आणि पाठ करायचं, असा दंडक होता. असे उलेमा म्हणजे चालतेबोलते ग्रंथच होते.

पण माणूस गेला की त्याच्या उरातलं ज्ञानही जातं. इ.स. ७० मध्ये रोमन सेनापती टायटसने जेरुसलेम जिंकून तिथलं इबादतगाह जाळलं. पुढे १३२ ते १३५ या काळात बार कोखबाच्या नेतृत्वाखाली ज्यूंनी बंड केलं, तेही सम्राट हेड्रियनने चिरडलं. रब्बी अकिवांसारखे मोठे उस्ताद मारले गेले. वाचलेले उलेमा उत्तरेला गलीलमध्ये गेले. यमामाच्या लढाईत अनेक हाफिज शहीद झाले, तेव्हा हजरत उमर (रजि.) यांना जी काळजी वाटली, ती आठवली म्हणजे या लोकांची अवस्था लक्षात येईल. मात्र एक फरक ध्यानात ठेवायला हवा. तिथे प्रश्न अल्लाहच्या कलामाचा होता. इथे उलेमांनी पिढ्यान्‌पिढ्या काढलेल्या मसल्यांचा होता, म्हणजे आपल्या फिकहसारखा.

याच पडझडीच्या काळात, १३५ च्या सुमारास, यहुदांचा जन्म झाला. रब्बी अकिवा गेले त्याच दिवशी ते जन्मले, असं ज्यू लोक मानतात. घराणं प्रसिद्ध हिल्लेल यांचं. वडील शिमोन हे समाजाचे नासी, म्हणजे प्रमुख होते. वडिलांमागे ते पद यहुदांकडे आलं. संपत्ती होती, रोमन अधिकाऱ्यांशी संबंध चांगले होते, त्यामुळे समाजाला थोडी उसंत मिळाली. या उसंतीचा उपयोग त्यांनी विखुरलेलं ज्ञान गोळा करण्यासाठी केला.

काही काम आधी झालेलं होतं. अकिवा आणि त्यांचे शागिर्द रब्बी मेईर यांनी आपापल्या परीने मसले लावून ठेवले होते. यहुदांनी वेगवेगळ्या उस्तादांकडचे पाठ पारखले, काही घेतले, काही बाहेर ठेवले आणि साध्या, नेमक्या हिब्रूत त्यांची रचना केली. इ.स. २०० च्या सुमारास मिश्ना तयार झाली. त्यांनी ती स्वतः कागदावर उतरवली की पाठ करून घेतली, यावर अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. पण मांडणी पक्की झाली ती त्यांच्याच हातून.

तिचे सहा भाग आहेत. शेती आणि त्यातला गरिबांचा हिस्सा, सणवार, निकाह-तलाक, नुकसानभरपाई व न्यायनिवाडा, कुर्बानी, आणि पाकी-नापाकी. मिळून ६३ प्रकरणं. आपल्या फिकहची पुस्तकं चाळणाऱ्याला ही यादी ओळखीची वाटेल.

मिश्नाची सुरुवातच मतभेदाने होते. रात्रीची शमा ही इबादत कधीपर्यंत करता येते? एक उस्ताद रात्रीचा पहिला प्रहर संपेपर्यंत म्हणतात, बाकीचे उलेमा मध्यरात्रीपर्यंत, आणि रब्बान गमलिएल पहाट होईपर्यंत. हे गमलिएल म्हणजे यहुदांचे सख्खे आजोबा. आजोबांचं मत एकटंच ठेवणं त्यांच्या हाती होतं, पण त्यांनी तिन्ही मतं ठेवली. हिल्लेल यांच्या विरोधातल्या शम्माई गटाची मतंही मिश्नात आहेत, बऱ्याचदा तर आधी. जे मत आज मान्य झालं नाही, ते उद्याच्या न्यायाधीशाच्या उपयोगी पडू शकतं, हा विचार त्यामागे होता.

यहुदा माणूस म्हणून चुकले, तेही ज्यू ग्रंथांनी लपवलेलं नाही. एका दुष्काळात त्यांनी आपली कोठारं उघडली, पण फक्त शिकलेल्यांसाठी. योनातान नावाचा त्यांचाच एक शागिर्द आला. इल्मच्या जोरावर भाकरी मिळवणं त्याला पटेना. आपण काही शिकलेलो नाही, कुत्र्या-कावळ्याला घालतात तसं मलाही घाला, असं त्याने सांगितलं. यहुदांनी दिलं, पण अडाण्याला धान्य गेलं म्हणून मागाहून हळहळले. तो कोण होता हे कळल्यावर त्यांनी कोठारं सगळ्यांना खुली केली. दुसरी हकीकत एका वासराची. कत्तलीला नेताना ते त्यांच्या अंगरख्यात तोंड खुपसून राहिलं आणि त्यांनी त्याला झिडकारलं. त्यानंतर तेरा वर्षं त्यांना दुखण्याने छळलं. पुढे घरात सापडलेल्या मुंगसासारख्या प्राण्याच्या पिल्लांवर त्यांनी दया केली, तेव्हा ते दुखणं गेलं, असं सांगतात.

त्यांच्या घरची मोलकरीणही हिब्रू बोलायची. शागिर्दांना अडलेल्या शब्दांचे अर्थ तिच्या बोलण्यातून कळायचे. यहुदांची अखेरची सतरा वर्षं तब्येतीपायी उंचावरच्या सेफोरिस गावी गेली. शेवटच्या दुखण्यात शागिर्द दुआ थांबवायला तयार नव्हते. मोलकरणीला मालकांचे हाल बघवेनात. तिने छतावरून एक घागर खाली टाकली, आवाजाने दुआ क्षणभर थांबली आणि त्यांनी प्राण सोडला, असं म्हणतात. बेत शेआरीमला त्यांना दफन केलं. तिथलं दफनस्थान २०१५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे.

त्यांचे शागिर्द रब हे इ.स. २१९ मध्ये इराकला गेले. सुरा इथे त्यांनी मदरसा उभारला. मिश्नावरच्या चर्चेतून पुढे तलमूद तयार झाला. अब्बासी खलिफांच्या काळात हे मदरसे भरभराटीला आले. कुर्तुबात जन्मलेले मूसा इब्न मैमून पुढे सलाहुद्दीन यांच्या वजिराचे हकीम झाले. त्यांनी ११६८ मध्ये मिश्नावरचं भाष्य पूर्ण केलं, तेही अरबी भाषेत.

आपल्या कोकणातले बेने इस्राईल, ज्यांना गावकरी शनवार तेली म्हणत, शतकानुशतके या परंपरेपासून तुटलेले होते. सब्बाथ, खतना आणि शमा त्यांनी जपली, पण मिश्ना-तलमूद त्यांच्यापर्यंत फार उशिरा पोहोचले. सांगणारं कुणी उरलं नाही की ज्ञान कसं थांबतं, ते यावरून दिसतं.

यहुदांनी ज्ञान वाचवलं, पण त्याहून मोठं काम म्हणजे वाचवताना विरोधकाचं मत पुसलं नाही. मसलकांवरून एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या आपल्या घरांनीही यावर विचार करायला हरकत नाही.