स्वेटर, गेलेली रॅम आणि मायकेल फॅराडे

मी वाईचा. गेल्या जानेवारीत, सुट्टीतल्या कामाचे पैसे साठवून मी पहिल्यांदाच स्वतः पीसी जोडायला बसलो. अंगात लोकरीचा स्वेटर, खाली सतरंजी. रॅम हातात घेतली आणि बोटाला बारीकसा चटका बसला. पीसी काही सुरू झाला नाही. दुसरी रॅम लावली तेव्हा लगेच चालू झाला. दोन महिन्यांची कमाई त्या चटक्यात गेली!

चूक शोधायला मी मराठी विश्वकोश उघडला. हा विश्वकोश आमच्या वाईतच तयार झाला, आता तो फोनवर फुकट वाचता येतो. विजेबद्दल वाचत वाचत मी मायकेल फॅराडेपर्यंत पोचलो. आणि गंमत बघा, या माणसालाही विजेचं वेड एका विश्वकोशानेच लावलं होतं.

फॅराडे 1791 मध्ये लंडनजवळ एका लोहाराच्या घरी जन्मला. गरिबीमुळे शिक्षण जेमतेम लिहिण्या-वाचण्यापुरतं. चौदाव्या वर्षी तो पुस्तकं बांधणाऱ्याच्या दुकानात कामाला लागला. बांधायला आलेल्या ब्रिटानिका विश्वकोशात त्याने विजेवरची नोंद वाचली आणि चिल्लर पैसे साठवून स्थिर वीज तयार करणारं छोटं यंत्र बनवलं. म्हणजे ज्या विजेने माझी रॅम घेतली, तिच्यापासूनच त्याची सुरुवात झाली.

1812 मध्ये एका गिऱ्हाइकाने त्याला हम्फ्री डेव्ही या मोठ्या शास्त्रज्ञाच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. फॅराडेने टिपणं काढली, त्यांचं सुबक पुस्तक बांधलं आणि डेव्हीला पाठवून दिलं. 1813 मध्ये त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनिसाची नोकरी लागली. त्याच वर्षी एका स्फोटक रसायनावर काम करताना त्याच्या हाताला इजा झाली. तोंडावर काचेचा मुखवटा होता म्हणून चेहरा वाचला.

1831 मध्ये त्याने बदलत्या चुंबकत्वापासून वीज मिळवून दाखवली. आपल्या एसएमपीएसमधला ट्रान्सफॉर्मर याच तत्त्वावर चालतो. 1836 मध्ये तर त्याने कमाल केली. बारा फुटी चौकोनी खोका बनवून त्यावर धातूची तार आणि पत्रा लावला, आणि स्वतः उपकरणं घेऊन आत जाऊन बसला. बाहेरून जोरदार विजेच्या ठिणग्या सोडल्या, पण आत काहीच जाणवलं नाही. भार बाहेरच्या धातूवरच राहिला. यालाच आपण फॅराडे पिंजरा म्हणतो. मदरबोर्ड ज्या रुपेरी पिशवीत येतो, ती पिशवी म्हणजे त्याचंच छोटं रूप.

रॉयल सोसायटीचं अध्यक्षपद त्याने नाकारलं. 1867 मध्ये तो वारला. त्याचं नाव कपॅसिटरवर राहिलं: फॅराड हे एकक त्याचंच.

आता माझं काय चुकलं ते सांगतो. स्थिर विजेचा चटका आपल्याला जाणवायला साधारण 3,000 व्होल्ट लागतात. चिप त्यापेक्षा खूप कमी व्होल्टला खराब होऊ शकते, म्हणजे चटका न जाणवताही पार्ट जाऊ शकतो. म्हणून आता मी असं करतो:

• आधी प्लग काढतो, मग पॉवर बटण दहा सेकंद दाबून ठेवतो.
• स्वेटर काढून लाकडी टेबलावर काम करतो.
• पार्ट उचलण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावतो. काम चालू असतानाही अधूनमधून लावतो.
• रॅम कडेने धरतो, सोनेरी पट्टीला बोट लावत नाही.
• मदरबोर्ड पिशवीवर ठेवून चालू करत नाही, त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवतो.
• एसएमपीएस कधीच उघडत नाही. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये भार उरतो, आणि तो जिवावर बेतू शकतो.
• तीन पिनांचाच प्लग वापरतो. त्यातली जाड, लांब पिन अर्थिंगची असते, ती कापायची नाही.

फॅराडे विजेच्या मधोमध जाऊन बसला, पण आधी पिंजरा नीट बांधून. आपणही पीसी बिनधास्त उघडूया, फक्त आधी धातूला हात लावून!