टाईप घासणारा पोरगा : जावजी दादाजी

निर्णयसागर छापखान्याचे नाव आमच्या वडीलधाऱ्यांना ठाऊक होते. पण तो काढणारा माणूस लहानपणी टाईप घासायला होता, हे आम्हांला उशिराच कळले.

जावजी दादाजी चौधरी यांचा जन्म १८३९ चा, मुंबईतला. घरची गरिबी, शिक्षण फारसे झाले नाही. कोवळ्या वयात ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात लागले. ओतून निघालेल्या खिळ्याच्या कडा घासून सारख्या करायच्या, नाहीतर तो ओळीत बसत नाही. दिवसभर हेच काम. पण पोरगा अक्षर बघत राहिला, आणि तेही उलटे! काना-मात्रा, जोडाक्षरे धरून देवनागरीला खिळे शेकड्यांनी लागतात. प्रत्येक अक्षर पोलादावर कोरायचे, तांब्यात ठोकायचे, मग त्या साच्यात शिसे ओतायचे. कोरण्याच्या कामात त्यांना राणोजी रावजी आरू यांची साथ मिळाली.

१८६४ ला स्वतःचा टाईपाचा कारखाना निघाला, १८६९ ला छापखाना. पुढे संस्कृतचे मोठमोठे ग्रंथ इथेच छापले गेले. आम्हांला मोलाचे वाटते ते हे, की जे ग्रंथ मूठभरांच्या घरात बंद होते, त्यांना किंमत पडली. पैसे टाकील त्याने घ्यावे आणि आत काय लिहिलेय ते स्वतः वाचावे. जावजींनी हे धंदा म्हणूनच केले असेल, असो.

१८९२ साली ते वारले. मागे मुलगा तुकाराम यांनी छापखाना चालवला.