डॉ. चार्ल्स हगिन्स

कर्करोग म्हटला म्हणजे शरीराची सर्व सत्ता झुगारून स्वैर वाढणारा शत्रू, अशी समजूत वैद्यवर्गात फार दिवसांपासून रूढ होती. पेशी एकदा बिघडली की ती कोणाचेही ऐकत नाही. ती कापून काढावी किंवा किरणांनी जाळावी, आणि ती दूरवर पसरली असेल तर रोग्यास अफू देऊन त्याचे अखेरचे दिवस मोजावेत, एवढेच काय ते वैद्याच्या हाती असे. पसरलेला कर्करोगदेखील शरीरातीलच एका द्रव्यावर पोसला जाऊ शकतो आणि ते द्रव्य तोडले असता तो वाळू लागतो, हे मोजमापाच्या पुराव्यानिशी १९४१ साली शिकागो येथील एका शल्यवैद्याने दाखविले. त्यांचे नाव डॉ. चार्ल्स ब्रेन्टन हगिन्स. त्यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहोत. विषय पुरुषाच्या गुह्य अवयवांचा असल्यामुळे तो विद्यालयाच्या वार्षिकात घ्यावा की नाही, असा प्रश्न काहींस पडेल. आमचे मत स्पष्ट आहे. वृद्ध माणसे याच लज्जेपायी आपली व्याधी मुलांपासून व डॉक्टरांपासूनही लपवितात आणि त्यात त्यांचा घात होतो. निदान शिकलेल्या नातवंडांनी तरी हा संकोच बाळगू नये.

हगिन्स यांचा जन्म कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात, हॅलिफॅक्स या बंदराच्या शहरी, २२ सप्टेंबर १९०१ रोजी झाला. वडील औषधविक्रेते होते. वुल्फव्हिल येथील ॲकेडिया विद्यापीठातून, जे बाप्टिस्ट मंडळीने १८३८ साली स्थापिले होते, त्यांनी १९२० साली पदवी घेतली. त्या वेळी त्यांस एकोणिसावे वर्ष चालू होते. पुढे हार्वर्ड येथील वैद्यकीय शाळेतून १९२४ साली ते डॉक्टर झाले. मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयात त्यांनी शल्यविद्येचा अनुभव घेतला, आणि १९२७ साली शिकागो विद्यापीठाच्या नव्यानेच उघडत असलेल्या वैद्यकीय विभागात ते दाखल झाले. त्याच वर्षी मार्गारेट वेलमन यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

तेथील शल्यविभागाचे प्रमुख डॉ. डॅलस फेमिस्टर यांनी मूत्रमार्गाच्या विकारांची शाखा तरुण हगिन्स यांच्या गळ्यात घातली. या शाखेचे त्यांस विशेष शिक्षण नव्हते. तथापि पाठ्यग्रंथ पुढे घेऊन ते कामास लागले. आपणांस न मागता मिळालेल्या विषयावर रुसून बसणारे विद्यार्थी आम्ही दरवर्षी पाहतो, म्हणून ही गोष्ट मुद्दाम नमूद केली.

आरंभी त्यांचे लक्ष कर्करोगाकडे नव्हतेच. मूत्राशयाच्या आतील अस्तराचा तुकडा काढून तो शरीरात दुसरीकडे लावला असता तेथे हाड तयार होते, हा चमत्कारिक प्रकार त्यांनी प्रयोगाने अभ्यासिला. या निमित्ताने ते लंडन येथील लिस्टर संस्थेत प्राध्यापक रॉबर्ट रॉबिसन यांजकडे गेले. अस्थी बनण्याच्या क्रियेत भाग घेणारे फॉस्फेटेज नावाचे विकर रॉबिसन यांनी शोधून काढले होते. विकर म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारे द्रव्य. लंडनमध्ये मिळालेले हे ज्ञान दहा वर्षांनी किती उपयोगी पडले, ते पुढे येईलच.

आता मुख्य विषयाकडे वळू. मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गास वेढून बसलेली अक्रोडाएवढी एक ग्रंथी पुरुषाच्या शरीरात असते. तिला प्रोस्टेट म्हणतात. वीर्यातील द्रवाचा काही भाग तीत तयार होतो. उतारवयात ती वाढून लघवीस अडथळा होतो, आणि काही जणांच्या बाबतीत तीतच कर्करोग उद्भवतो. हा कर्करोग हाडांत, विशेषेकरून कंबरेच्या व पाठीच्या हाडांत पसरतो आणि मग असह्य वेदना देतो. खच्ची केलेल्या पशूंमध्ये ही ग्रंथी लहान राहते, हे अठराव्या शतकात लंडनचे जॉन हंटर यांनी पाहून ठेविले होते. स्कॉटलंडमधील जॉर्ज बीटसन यांनी तर स्तनाच्या कर्करोगात बीजकोश काढून टाकल्यावर गाठी ओसरल्याचे १८९६ साली प्रसिद्ध केले होते. म्हणजे सूत्राची टोके पूर्वीच हाती आलेली होती. परंतु ती कोणी घट्ट धरली नव्हती.

हगिन्स यांस या ग्रंथीतून पाझरणाऱ्या द्रवाचे रसायन समजून घ्यावयाचे होते. त्यांनी कुत्र्यांवर एक कुशल शस्त्रक्रिया योजिली. तिच्यायोगे ग्रंथीचा द्रव मूत्रात न मिसळता वेगळा गोळा करता येई आणि रोजच्या रोज मोजता येई. वृषण काढले की द्रव आटे. पुरुषसंप्रेरक टोचले की पुन्हा वाहू लागे. स्त्रीसंप्रेरक दिले की परत कमी होई. संप्रेरक म्हणजे एका ग्रंथीने रक्तात सोडलेले आणि दूरच्या अवयवास हुकूम पोहोचविणारे द्रव्य. येथपर्यंत सर्व सुरळीत होते. अडचण अशी की, काही म्हाताऱ्या कुत्र्यांच्या ग्रंथीत गाठी निघू लागल्या. प्रयोगशाळेत नेहमी वापरल्या जाणाऱ्या प्राण्यांपैकी कुत्र्यासच वयपरत्वे अशा गाठी येतात. मोजमाप बिघडविणारे असे प्राणी पाहून प्रथम त्रासच वाटला. परंतु ते बाजूला न सारता हगिन्स यांनी त्यांचेही वृषण काढून पाहिले, आणि त्या गाठी आक्रसल्या. आमच्या मते त्यांच्या आयुष्याचा निर्णायक क्षण तोच. मुक्या प्राण्यांस सोसाव्या लागलेल्या या गोष्टी वाचताना मन कष्टी होते, हेही खरे.

माणसाच्या बाबतीत तसेच घडते काय, हे केवळ रोग्याच्या सांगण्यावरून ठरविणे त्यांस मान्य नव्हते. बरे वाटते म्हणणारा रोगी कित्येकदा डॉक्टरास खूश करण्यासाठी तसे म्हणतो. येथे फॉस्फेटेजचे ज्ञान कामास आले. प्रोस्टेट ग्रंथी ॲसिड फॉस्फेटेज या प्रकारचे विकर विपुल बनविते. आणि कर्करोग हाडांत पसरला म्हणजे त्याचे रक्तातील प्रमाण वाढते, हे न्यूयॉर्कमधील गटमन दांपत्याने १९३८ साली दाखविले होते. हाड घडविणाऱ्या पेशींचे अल्कलाइन फॉस्फेटेज निराळे. ही दोन्ही विकरे रक्तात मोजली म्हणजे कर्करोगाची आणि हाडाची हालचाल दोन वेगवेगळ्या आकड्यांत वाचता येते. तरुण सहकारी क्लॅरेन्स हॉजेस यांच्यासह हगिन्स यांनी हे काम चालविले. वृषण काढल्यावर किंवा स्त्रीसंप्रेरक दिल्यावर रोग्यांच्या रक्तातील ॲसिड फॉस्फेटेज उतरले. पुरुषसंप्रेरक टोचले असता ते चढले. रोग वाढविणारे द्रव्य रोग्यासच टोचून पाहण्याचा हा शेवटचा प्रयोग आजच्या काळी कोणी करू देईल असे आम्हांस वाटत नाही. तथापि शंकेस जागा उरली नाही ती त्यामुळेच.

हा निबंध १९४१ साली प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास रोग फार पसरलेल्या २१ रोग्यांवर वृषण काढण्याची शस्त्रक्रिया केल्याचा वृत्तांतही आला. पुष्कळांच्या वेदना थोड्याच दिवसांत थांबल्या. अंथरुणास खिळलेले लोक जेवू लागले, त्यांचे वजन वाढले, अफूची गरज सरली. हे बरे होणे नव्हे, हे हगिन्स यांनी लपविले नाही. त्या २१ जणांपैकी १२ वर्षांहून अधिक काळ जगले ते केवळ चौघे. इतरांत रोग उलटला, कोणाचा लवकर, कोणाचा उशिरा. शिवाय पुरुषत्व गमाविण्याची किंमत प्रत्येकास द्यावी लागली होती. ती किंमत थोडी होती असे मानणारा लेखक वेदना व लज्जा या दोहोंपैकी एकच तोलून पाहतो, असे आम्ही म्हणू.

शस्त्रक्रियेस पर्यायही लवकरच मिळाला. लंडनचे चार्ल्स डॉड्स यांनी १९३८ साली स्टिलबेस्ट्रॉल हे कृत्रिम स्त्रीसंप्रेरक बनविले होते. ते स्वस्त असून तोंडाने घेता येई. गोळीने आटोक्यात येणारा पसरलेला कर्करोग ही तोवर न ऐकलेली गोष्ट होती. पुढे १९६०च्या दशकात अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून झालेल्या मोठ्या तुलनेत असे आढळले की, हे औषध भरपूर मात्रेत घेणारे रोगी हृदयाच्या व रक्तवाहिन्यांच्या विकाराने अधिक मरतात. तेव्हा त्याचा उपयोग कमी होत गेला.

उलटलेल्या रोगाने हगिन्स यांस स्वस्थ बसू दिले नाही. मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथीही थोडे पुरुषसंप्रेरक निर्माण करतात. मग त्याही काढाव्यात असा तर्क त्यांनी केला. १९४५ साली विल्यम स्कॉट यांच्यासह त्यांनी तसे करून पाहिले. परंतु या ग्रंथींवाचून माणूस जगवावा कसा हे त्या वेळी कोणास ठाऊक नव्हते आणि रोगी फार काळ टिकले नाहीत. पुढे कॉर्टिसोन उपलब्ध झाले, तेव्हा १९५१ च्या सुमारास डेल्बर्ट बर्गेनस्टाल यांना बरोबर घेऊन त्यांनी तोच मार्ग पुन्हा धरला. या खेपेस रोगी वाचले आणि स्तनाच्या कर्करोगाने पीडित अशा काही स्त्रियांसही आराम पडला.

त्याच वर्षी अलाबामा प्रांतातील मोबील शहरचे व्यापारी बेन मे यांच्या देणगीतून शिकागो विद्यापीठात कर्करोग संशोधनासाठी बेन मे प्रयोगशाळा उघडली, आणि १९६९ पर्यंत हगिन्स तिचे संचालक होते. संचालक झाल्यावर माणूस मेजाशी बसतो. हे मात्र स्वतः प्रयोग करीत राहिले. माणसे थोडी, सभा त्याहून थोड्या, असा तेथील रिवाज होता. एका रासायनिक द्रव्याची एकच मात्रा चारून उंदरिणींच्या स्तनांत थोड्या आठवड्यांत कर्करोग उत्पन्न करण्याची पद्धत त्यांनी बसविली. ती जगभर वापरली गेली. त्याच संस्थेत एलवुड जेन्सन यांनी, स्त्रीसंप्रेरक पेशीत कोणत्या प्रथिनास जाऊन चिकटते याचा शोध लावला. स्तनाच्या गाठीत ते प्रथिन आहे की नाही हे पाहून उपचार ठरविण्याची आजची पद्धत तेथूनच आली.

नोबेल पारितोषिक हगिन्स यांस १९६६ साली मिळाले. मूळ निबंधास तेव्हा पंचवीस वर्षे लोटली होती. त्यांचे सहमानकरी पेटन राउस यांची प्रतीक्षा तर याहून मोठी होती. कोंबडीतील कर्करोग विषाणूने होतो हा त्यांचा शोध १९११ सालचा, आणि पारितोषिक घेतेवेळी त्यांचे वय ८७ वर्षांचे होते.

ज्या ॲकेडिया विद्यापीठातून ते बाहेर पडले होते, त्याचेच कुलपतिपद त्यांनी १९७२ ते १९७९ पर्यंत भूषविले. पत्नी मार्गारेट १९८३ साली निवर्तल्या. बाख व मोझार्ट यांच्या संगीताची त्यांस गोडी होती. १२ जानेवारी १९९७ रोजी, वयाच्या ९६ व्या वर्षात, शिकागो येथे त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या हयातीतच वृषणांस मेंदूकडून जाणारा हुकूम रोखणारी इंजेक्शने निघाली. त्यांपैकी ल्युप्रोलाइड १९८५ साली अमेरिकेत मान्य झाले. ॲसिड फॉस्फेटेजची जागा पी.एस.ए. नावाच्या रक्ततपासणीने घेतली. शरीरात कोठेही पुरुषसंप्रेरक बनू न देणारे ॲबिराटेरॉन २०११ साली आले. अधिवृक्क ग्रंथी काढून हगिन्स जे साधू पाहत होते, ते आता गोळीने साधते. अंगातून उष्णतेच्या लाटा उठणे, हाडे ठिसूळ होणे, हे त्रास मात्र या औषधांनीही चुकत नाहीत. आणि आपल्या देशात, जेथे महिनोमहिने इंजेक्शनांचा खर्च अनेक कुटुंबांस झेपत नाही, तेथे १९४१ सालची ती साधी शस्त्रक्रिया आजही केली जाते.