इंग्रजीच्या वाटेने मराठीकडे : दादोबा पांडुरंग

कुळगावात संध्याकाळी मी आसपासच्या मुलांची इंग्रजी व्याकरणाची शिकवणी घेतो, त्याला आता बरीच वर्षे झाली. आईवडील दोघेही मुंबईला नोकरीला. कर्जत लोकलने ते घरी पोचेपर्यंत ही मुले माझ्या ओसरीवर बसून कर्ता, क्रियापद आणि सर्वनाम यांच्याशी झटापट करीत असतात. काही वर्षांपूर्वी आठवीतल्या एका मुलीने वहीत लिहिले : 'रमेश अँड हर मदर वेंट टू कल्याण.' मी 'हर'खाली लाल रेघ मारून 'हिज' लिहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच चूक. तिसऱ्या वेळी मी ते वाक्य सगळ्यांपुढे वाचून दाखवले. मुले हसली, खोटे कशाला बोलू, मीही हसलो. मुलीने मान खाली घालून एवढेच विचारले, की आई ही बाई असताना तिथे 'हर' का चालू नये? नियम आहे म्हणून, असे मी सांगितले. पुढच्या आठवड्यापासून ती शिकवणीला आली नाही.

तिच्या प्रश्नाचे उत्तर मला बऱ्याच उशिरा सुचले, आणि ते इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकात नव्हते. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे चरित्र वाचत असताना ते सापडले. तर्खडकर म्हटले की जुन्या पिढीला 'भाषांतर पाठमाला' आठवते. ती द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांची. आडनाव एकच असल्याने पुष्कळ जण तिचे श्रेय दादोबांना देऊन मोकळे होतात. दादोबांचे काम वेगळे आहे. ते इंग्रजी व्याकरण शिकले आणि त्या शिक्षणाच्या बळावर त्यांनी मराठीचे व्याकरण लिहिले.

दादोबांचा जन्म ९ मे १८१४ चा, मुंबईतला. घराण्याचे मूळ गाव वसईजवळचे तरखड. म्हणजे आमच्या जुन्या ठाणे जिल्ह्यातले, आता पालघर जिल्ह्यात गेलेले. जातीने वैश्य. ही गोष्ट मुद्दाम सांगायची, कारण व्याकरण हे त्या काळी शास्त्री-पंडितांचे क्षेत्र होते. शिवाय व्याकरण म्हणजे संस्कृताचे. रोजच्या बोलण्यातल्या प्राकृताला व्याकरण ते कसले, अशी सर्वसाधारण समजूत होती. विल्यम केरी यांनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण लिहिले होते, परंतु ते इंग्रजीत आणि परक्यांना मराठी शिकता यावी म्हणून. महानुभाव पंडित भीष्माचार्यांचे 'पंचवार्तिक' त्याहून कितीतरी जुने. पण महानुभावांचे ग्रंथ पंथाच्या सांकेतिक लिपीत बंदिस्त होते, बाहेरच्यांच्या वाचनात येण्यासारखे नव्हते. मराठी मुलाला त्याची भाषा समजावून सांगेल असे छापील पुस्तक हाताशी नव्हते.

दादोबांनी बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत इंग्रजी शिकली. तिथे त्यांची गाठ पडली लिंड्ले मरे या नावाशी. मरे मूळचे अमेरिकेतले वकील. प्रकृती बिघडल्यामुळे इंग्लंडात यॉर्कजवळ येऊन राहिले आणि तिथल्या एका मुलींच्या शाळेसाठी त्यांनी १७९५ मध्ये इंग्रजीचे व्याकरण लिहिले. पुढे ते पुस्तक इंग्रजी जिथे जिथे पोचली तिथे तिथे गेले. आधी वर्ण, मग शब्द, मग वाक्य आणि शेवटी छंद अशी त्याची चार भागांची मांडणी. कर्ता एकवचनी असला की क्रियापद एकवचनी, सर्वनामाने आपल्या नामाचे लिंग-वचन घ्यावे, विशेषणाने आपल्या नामाशेजारी बसावे, असे त्यातले नियम. आज कुळगावातली मुले जे घोकतात ते थोड्याफार फरकाने तेच.

असले नियम त्या काळच्या अनेक विद्यार्थ्यांनी पाठ केले असतील. दादोबांना मात्र त्यातून दुसरेच काही दिसले. इंग्रजीसारख्या बोलत्या, चालत्या भाषेचे असे नियम सांगता येतात, तर मग मराठीचे का नाहीत? माळव्यात जावऱ्याच्या नबाबाकडे शिक्षक म्हणून त्यांनी काही काळ काढला. १८३६ मध्ये, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, त्यांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' प्रसिद्ध झाले. सांगाडा अर्थातच मरे यांच्या वळणाचा होता.

त्या वळणाची खूण आपण अजून अंगावर वागवतो. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी आणि केवलप्रयोगी या शब्दांच्या आठ जाती आपण शाळेत पाठ केल्या. संस्कृतातली यास्काची विभागणी चारांची आहे. मरे यांच्याकडे नऊ जाती आहेत. त्यांतून मराठीत नसलेले उपपद, म्हणजे 'ए' आणि 'दि', काढले की आठ उरतात. विभक्त्या मात्र आपण संस्कृतातून घेतल्या. मराठी शालेय व्याकरणाचा संसार असा दोन घरांच्या भांड्यांवर उभा आहे.

पण उसना अंगरखा कुठेतरी काचतोच. इंग्रजीत क्रियापद कर्त्याचे ऐकते, हा नियम सरळ. मराठीत 'मुलगा आंबा खातो' इथपर्यंत तो चालतो. 'मुलाने आंबा खाल्ला' आणि 'मुलाने कैरी खाल्ली' म्हटले की कर्ता तोच राहूनही क्रियापद बदलते. ते आता कर्माचे ऐकते. 'आईने मुलाला मारले' यात तर ते दोघांचेही ऐकत नाही. कर्तरि, कर्मणि आणि भावे प्रयोगांची ही गुंतागुंत मरे यांच्या पुस्तकातून सुटणारी नव्हती.

विशेषणांचेही तसेच. इंग्रजीतला 'गुड' मुलगा, मुलगी, मूल कोणापुढेही तोच राहतो; मराठीत तो चांगला, चांगली, चांगले होतो, आणि 'लाल' किंवा 'सुंदर' मात्र जागचे हलत नाहीत. शब्दाचे शेपूट बदलून जे काम मराठी करते, ते इंग्रजीला जागेवरून करावे लागते. म्हणून तिथे विशेषणवाचक शब्दसमूह चुकीच्या ठिकाणी पडला तर अनर्थ होतो. 'फलाटावर उभा असताना गाडी सुटली' असे एखादा पुरुष म्हणाला तर कोण उभे होते ते 'उभा'वरून कळते. तेच वाक्य बाईने 'उभी असताना' असे म्हटले, की ती उभी होती की गाडी, हे कळायला मार्ग नाही. इंग्रजीत ही पंचाईत स्त्री-पुरुष सगळ्यांचीच होते. मुलांना हा नियम मी बदलापूर स्टेशनातले हेच उदाहरण देऊन शिकवतो. मग तो विसरला जात नाही.

दादोबांचे मोठेपण असे की त्यांनी पहिल्या पुस्तकावर समाधान मानले नाही. दुसरी आवृत्ती १८५० मध्ये निघाली ती जवळजवळ नव्याने लिहिलेली. मधल्या काळातल्या संस्कृताच्या अभ्यासाचा तिच्यावर ठसा होता. १८६५ मध्ये मुलांसाठी 'लघु व्याकरण' आले. कृष्णशास्त्री चिपळूणकरांसारख्या पंडिताने मराठी व्याकरणावर निबंध लिहून त्यांच्या मतांची कसून झडती घेतली. दादोबा तरीही हयातभर त्या विषयाला चिकटून राहिले आणि अखेरच्या काळात व्याकरणाची 'पूरणिका' लिहिली. बाविसाव्या वर्षी केलेले काम माणूस साठी उलटल्यावरही दुरुस्त करीत बसतो, हे आपल्याकडे विरळाच. त्यांना मराठीचे पाणिनी म्हणतात. मला मात्र त्यांच्यात आपलीच वही पुन्हा पुन्हा तपासणारा मास्तर दिसतो.

आणि ते मास्तर होतेच. सुरतेच्या इंग्रजी शाळेत त्यांनी काम केले. तिथे दुर्गाराम मेहताजी आणि इतर सहकाऱ्यांबरोबर २२ जून १८४४ रोजी त्यांनी मानवधर्म सभा स्थापन केली. ईश्वर एक आणि मनुष्यजात एक, हे तिचे सूत्र. १८४६ मध्ये मुंबईच्या नॉर्मल स्कूलची, म्हणजे शिक्षक घडवणाऱ्या शाळेची, जबाबदारी त्यांच्याकडे आली. १८४८ मध्ये उपयुक्त ज्ञानप्रसारक सभेचे ते पहिले अध्यक्ष झाले. पुढच्याच वर्षाच्या सुमारास जातिभेद न मानणारी गुप्त परमहंस सभा निघाली, तिच्या मुळाशीही दादोबांचे विचार होते. सभासद होताना पाव खावा लागे. जात मोडल्याची ती खूण. १८६० च्या सुमारास सभासदांची नावे बाहेर फुटली आणि सभा विस्कटली. तिचेच काही धागे धरून १८६७ मध्ये प्रार्थना समाज उभा राहिला, त्यात दादोबांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग पुढे होते.

या घराकडे पाहिले की इंग्रजी शिकण्याचे किती अर्थ होऊ शकतात हे कळते. मधले बंधू भास्कर पांडुरंग यांनी १८४१ मध्ये 'बॉम्बे गॅझेट'मध्ये 'एक हिंदू' या टोपणनावाने पत्रे लिहून कंपनी सरकारच्या लुटीचे वाभाडे काढले, तेही सरकारच्याच भाषेत. आत्माराम वैद्यक शिकले. दादोबा व्याकरणकार झाले. इंग्रजीत बोलता यावे, एवढ्यावर तिघांपैकी कोणीही थांबले नाही.

चरित्रातली न जुळणारी बाजूही सांगायला हवी. १८५२ मध्ये दादोबा अहमदनगरला डेप्युटी कलेक्टर झाले. भिल्लांचे बंड मोडण्यात त्यांनी सरकारला मदत केली आणि त्याबद्दल त्यांना रावबहादूर ही पदवी मिळाली. मनुष्यजात एक म्हणणारा माणूस तो हाच. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द आहेत. पहिल्यात ऐकणारा नसतो, दुसऱ्यात असतो. इंग्रजीचा एकटा 'वुई' दोन्हीकडे चालतो. दादोबांच्या 'आपण'मध्ये सुरतेचे गुजराती सहकारी होते, मुंबईचे परमहंस होते. डोंगरातला भिल्ल मात्र आला नाही. मोठ्या माणसांच्या बाबतीत हे मान्य करण्यात कमीपणा नाही.

पुढे त्यांनी मोरोपंतांच्या केकावलीवर 'यशोदापांडुरंगी' ही टीका लिहिली. १८७८ मध्ये स्वीडनबर्ग या स्वीडिश तत्त्ववेत्त्याच्या ग्रंथांवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. १७ ऑक्टोबर १८८२ रोजी ते निवर्तले. आत्मचरित्र अपुरेच राहिले, अ. का. प्रियोळकरांनी ते १९४७ मध्ये उजेडात आणले.

आता त्या मुलीकडे वळतो. इंग्रजीतले 'हिज' आणि 'हर' मालक कोण आहे ते पाहतात. वस्तू किंवा माणूस कोणाचे, एवढाच त्यांचा प्रश्न. मराठीत 'त्याची आई' म्हणताना 'त्या' मालकाकडे पाहते आणि 'ची' आईकडे. तिने 'ची'तले स्त्रीलिंग उचलून इंग्रजीत नेले आणि 'हर' लिहिले. म्हणजे ती नियम मोडत नव्हती. स्वतःच्या भाषेचा, कोणी न शिकवलेला नियम ती अचूक पाळत होती. तिची चूक आळसातून आलेली नव्हती. त्या चुकीत मराठीचे सगळे व्याकरण जागे होते, आणि मी त्यावर लाल रेघ मारली.

दादोबांनी इंग्रजीच्या नियमांतून मराठीकडे पाहिले. आमच्या मुलांना आज उलट दिशेने, मराठीतून इंग्रजीकडे, नेता येईल. पण त्यासाठी मराठीचे व्याकरण त्यांना ठाऊक हवे. इंग्रजी माध्यमात ते नावापुरते उरले आहे आणि मराठी माध्यमात गुणांपुरते. एक भाषा धड समजली नाही तर दुसरीचे नियम नुसते घोकावे लागतात, आणि घोकलेले परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी उतरते.

हल्ली शिकवणीत मी चूक दिसली की आधी तेच वाक्य मराठीत लिहून घेतो आणि दोन्ही वाक्ये शेजारी ठेवून फरक शोधायला सांगतो. वेळ जास्त लागतो. हसे मात्र कोणाचे होत नाही. त्या मुलीला हे सांगायचे राहून गेले. ती आता कुठे असते मला माहीत नाही.