डॉ. होमी भाभा आणि तुमचा बोन स्कॅन

लोहाऱ्याहून नागपूरला जाऊन बोन स्कॅन केला आणि अहवालात हाडाबाहेर, मऊ ऊतींमध्ये औषध दिसत असल्याचे वाचले, की मनात पहिली भीती कर्करोग पसरल्याची येते. ती भीती समजून घेण्याआधी, ही तपासणी ज्या अणुविज्ञानातून आली ते भारतात रुजवणाऱ्या माणसाची ओळख करून घ्या.

होमी भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत झाला. केंब्रिजमध्ये ते इंजिनिअरिंग शिकले, पण मन भौतिकशास्त्रात रमले. १९३९ मध्ये सुट्टीसाठी भारतात आले असताना महायुद्ध सुरू झाले आणि ते इथेच राहिले. १९४५ मध्ये त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था उभारली. १९४८ मध्ये ते अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या नेतृत्वाखाली ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भे येथे ‘अप्सरा’ ही भारताची पहिली अणुभट्टी सुरू झाली. ती विजेसाठी नव्हती. संशोधनासाठी आणि किरणोत्सारी समस्थानिके बनवण्यासाठी होती. १९६३ मध्ये परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झाले आणि अणुविज्ञान रुग्णांपर्यंत पोहोचले. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावरील विमान अपघातात भाभांचा मृत्यू झाला. ते ५६ वर्षांचे होते.

आता तुमचा अहवाल. बोन स्कॅनमध्ये टेक्नेशियम वापरतात. ते अणुभट्टीत तयार होणाऱ्या मॉलिब्डेनमपासून मिळते आणि सहा तासांत निम्मे उरते. फॉस्फेटसारख्या औषधाला जोडून ते शिरेतून देतात. जिथे नवे हाड बनते तिथे हे औषध जास्त साठते. उरलेले लघवीवाटे जाते, म्हणून मूत्रपिंडे आणि मूत्राशय दिसणे स्वाभाविक आहे.

इंजेक्शनच्या जागी औषध झिरपणे, त्वचेला किंवा कपड्याला लागलेली लघवी, स्नायूची दुखापत, ताजी जखम, ऊतींत साठलेले कॅल्शियम, यांमुळेही हाडाबाहेर डाग दिसतो. कधी कारण गाठ असते, तर कधी छातीत किंवा पोटात साठलेले पाणी. त्यामुळे डाग दिसला म्हणजे कर्करोग असे नाही, आणि तो दुर्लक्ष करण्याजोगाही नाही.

अलीकडची पडझड, शस्त्रक्रिया, इंजेक्शने आणि मूत्रपिंडाचा आजार डॉक्टरांना सांगा. जुने एक्स-रे आणि अहवाल सोबत न्या. गरज पडल्यास त्याच भागाचा सीटी स्कॅन करून नेमके कारण शोधता येते. तोवर स्वतःच निदान करू नका.