साने गुरुजी

पांडुरंग सदाशिव साने ऊर्फ साने गुरुजी (२४ डिसेंबर, १८९९:पालगड, रत्नागिरी जिल्हा - ११ जून, १९५०:मुंबई) हे मराठी लेखक, शिक्षक व स्वातंत्र्यसैनिक होते.

१९२४ मध्ये ते खानदेशातील अमळनेर येथील प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. वसतिगृहाची जबाबदारी सांभाळताना ते विद्यार्थ्यांच्या खोल्या झाडत, कपडे धूत आणि आजारी मुलांची शुश्रूषा करीत. घरोघरी ही कामे स्त्रियांची मानली जात. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. १९३२ मध्ये धुळे तुरुंगात त्यांनी विनोबा भावे यांची गीतेवरील प्रवचने लिहून घेतली.

१९३३ मध्ये नाशिक तुरुंगात त्यांनी श्यामची आई हे पुस्तक लिहिले. त्यातील सावित्री-व्रत या प्रकरणात आई आजारी असल्याने तिच्याऐवजी वडाला प्रदक्षिणा घालण्याची वेळ श्यामवर येते. बायकांचे व्रत केल्यास लोक हसतील म्हणून तो लाजतो. आई त्याची ही लाज घालवते. स्त्री जीवन या ग्रंथात गुरुजींनी स्त्रियांच्या ओव्या संकलित केल्या.

त्यांच्या मृत्यूनंतर प्रल्हाद केशव अत्रे यांनी श्यामची आई हा चित्रपट काढला (१९५३). सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक त्याला मिळाले.